जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ओळखायचा कसा आणि त्याला टॉर्क कन्व्हर्टर निवडायचा कसा

१९७२ची शेवरोले नोव्हा घेतली तेव्हा विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, "हिच्यात टर्बो ४०० आहे." हे एका ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं नाव. मी ४००चा फिल्टर आणि गॅस्केट आणला, शनिवारी सकाळी गाडीखाली शिरलो, पॅन उतरवला, अंगावर थोडं तेल घेतलं आणि नवं गॅस्केट लावून पाहिलं. एकही भोक जुळेना. शेजारचे सत्तरीतले गृहस्थ गंमत बघत उभे होते. ते म्हणाले, "हा ३५० आहे. खाली जायच्या आधी पॅनचा आकार बघायचा होतास."

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे : आधी पॅन, मग बाकीचं. पॅन म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाशी बोल्टांनी धरलेली पत्र्याची थाळी. आपल्याकडचे मेकॅनिक इंजिनाच्या अशाच भागाला चेंबर म्हणतात.

हा लेख साठ ते ऐंशीच्या दशकातल्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या अमेरिकन गाड्यांबद्दल आहे. अमेरिकेत स्थिरावल्यावर अशी एखादी गाडी घ्यायची हौस आपल्यापैकी बऱ्याच जणांना येते. पण या गाड्यांचे गिअरबॉक्स पन्नास वर्षांत कितीदा बदलले गेले असतील याचा नेम नाही. त्यामुळे गाडीचे कागद आणि जुन्या मालकाचा शब्द यांवर विसंबून सामान मागवू नका.

गाडीखाली जाण्याआधी

जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. सपाट फरशी, चाकांना अडण्या, चार मजबूत स्टँड, आणि वर चढवल्यावर गाडीला दोन्ही हातांनी एक जोरदार धक्का. हलली तर पुन्हा उतरवा. शिफ्टर पी वर आहे म्हणून गाडी जागची हलणार नाही, हे मागची चाकं जमिनीवर असेपर्यंतच खरं.

वर्षांचा चिकटा तारेच्या ब्रशने आणि डिग्रीझरने काढा. बोल्ट मोजताना चिखलाखाली लपलेला एक सुटला की हिशेब चुकतो. पुढे मी डावी-उजवी बाजू म्हणेन ती गाडीचं तोंड जिकडे आहे तिकडे पाहत. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो, हे भारतात शिकलेल्या हातांना गाडीखाली उताणं पडल्यावर हटकून चकवतं.

पहिली पायरी : पॅन बघा, बोल्ट मोजा

जनरल मोटर्सपासून, म्हणजे शेवरोले, ब्यूक, ओल्ड्समोबाइल, पॉन्टिअॅक आणि कॅडिलॅक बनवणाऱ्या कंपनीपासून, सुरू करू, कारण नवख्याच्या हाती बहुतेक वेळा तिचाच गिअरबॉक्स येतो.

चौदा बोल्ट आणि शिफ्टरवर फक्त दोन पुढचे गिअर, तर तो पॉवरग्लाइड. १९५० साली आलेला, आधी बिडाचा आणि १९६२पासून ॲल्युमिनियमचा. बहुतेकांच्या अंगावर नावच ओतलेलं असतं, त्यामुळे शंकेला जागा उरत नाही. मुंबईत एका पिढीने जिच्याकडे मान वळवून पाहिलं त्या इम्पालाच्या साठच्या दशकातल्या ऑटोमॅटिक गाडीत बहुधा हाच असायचा.

तेरा बोल्ट असतील तर थांबा. टर्बो ३५० आणि टर्बो ४०० या दोघांनाही तेराच बोल्ट असतात, आणि विकणाऱ्यांची गल्लत, किंवा लबाडी, इथेच होते. ३५०चा पॅन जवळजवळ चौकोनी असतो आणि त्याचा उजवीकडचा मागचा कोपरा तिरका छाटलेला असतो. ४००चा पॅन वेडावाकडा. अमेरिकन लोक त्याला टेक्सासच्या नकाशाची उपमा देतात.

आकारावरून खात्री पटली नाही तर व्हॅक्यूम मॉड्युलेटर शोधा. इंजिनाच्या मॅनिफोल्डवरून आलेली बारीक नळी ज्या पत्र्याच्या गोल डबीत शिरते, तो. दोन्हींत तो उजव्या बाजूला असतो. ३५०मध्ये पार मागे, शेपटीजवळ. ४००मध्ये बराच पुढे. आणखी एक खूण अगदी पक्की : ३५०चा किकडाउन, म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर गिअर खाली आणणारी सोय, केबलने चालतो आणि केबल उजवीकडून आत जाते, तर ४००चा विजेवर चालतो, म्हणून त्याच्या डाव्या अंगाला वायरचा कनेक्टर दिसतो. केबल असेल तर ३५०, वायर असेल तर ४००. माझ्या नोव्हात केबल डोळ्यांसमोर लोंबत होती, पण मला ती दिसूनही दिसली नाही.

४०० आहे असं ठरलं तर उजव्या अंगावर धातूची छोटी पट्टी शोधा. तिच्यावर वर्षाचे दोन आकडे आणि दोन अक्षरांचा कोड असतो, त्यावरून तो मुळात कोणत्या गाडीसाठी बनला ते कळतं. ब्यूक, ओल्ड्समोबाइल आणि कॅडिलॅकच्या १९६५ ते १९६७च्या काही ४००मध्ये स्टेटरची पाती दोन कोनांत फिरणारा खास कन्व्हर्टर होता (स्टेटर म्हणजे काय ते पुढे येतं). त्या वर्षांची पट्टी दिसली तर साधा कन्व्हर्टर मागवण्याआधी त्या गिअरबॉक्सची माहिती असलेल्या माणसाला विचारा.

अकरा बोल्ट म्हणजे टर्बो २००. तो हलक्या गाड्यांसाठी केलेला होता, ताकदवान इंजिनामागे लावायचा नाही. सोळा बोल्ट म्हणजे चार गिअरचा ओव्हरड्राइव्ह, ज्याच्या शेवटच्या गिअरचं प्रमाण एकापेक्षा कमी असतं : १९८१चा २००-४आर किंवा १९८२चा ७००आर४. ७००आर४चा पॅन सरळ आयताकृती असतो आणि अख्खा गिअरबॉक्स दुसऱ्यापेक्षा सुमारे ३ इंच लांब भरतो, साधारण ३०.७५ इंच. ७००आर४चंच नाव पुढे ४एल६० झालं आणि १९९३मध्ये त्याची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती आली. तुमच्या गिअरबॉक्समध्ये वायरींचा मोठा गठ्ठा शिरत असेल तर तुम्ही या लेखाच्या हद्दीबाहेर आहात.

फोर्डचं काम सोपं आहे. अकरा बोल्ट आणि पुढची घंटा, म्हणजे बेलहाउसिंग, वेगळी बोल्टने लावलेली, तर सी४. तो १९६४पासून ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालला. सतरा बोल्ट आणि घंटा मूळ ओतकामातच, तर १९६६चा दणकट सी६. मधलं अंग बिडाचं आणि दोन्ही टोकं ॲल्युमिनियमची, तर एफएमएक्स. चुंबक जवळ न्या, लगेच समजेल. सर्व्होच्या, म्हणजे आतला पट्टा आवळणाऱ्या दट्ट्याच्या, झाकणाच्या बोल्टखाली बहुधा एक पत्र्याचं टॅग असतं. ते काढून फेकू नका. साठच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या मस्टँगच्या दारावरच्या पट्टीत डब्ल्यू म्हणजे सी४, यू म्हणजे सी६, एक्स म्हणजे एफएमएक्स. पण ती पट्टी गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसाबद्दल बोलते, आजच्याबद्दल नाही.

क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइटमध्ये बोल्ट मोजून उपयोग नाही, कारण ९०४ आणि ७२७ दोन्हींना चौदाच. ९०४ अंगाने लहान, पॅन चौकोनाच्या जवळ जाणारा. ७२७ धिप्पाड, पॅनचा उजवीकडचा मागचा भाग बाहेर फुगलेला. पहिला सहा सिलिंडर आणि ३१८सारख्या इंजिनांमागे, दुसरा मोठ्या इंजिनांमागे. पॅनच्या वरच्या काठावर, डावीकडे, ठोकलेला सात आकडी भाग-क्रमांक असतो. पुसून, फोटो काढून ठेवा.

दुसरी पायरी : घंटा कोणत्या इंजिनाची?

जनरल मोटर्सचा ३५० किंवा ४०० मिळाला म्हणून तो तिच्या कोणत्याही व्ही८ला लागतो असं नाही. शेवरोलेची बोल्टरचना वेगळी आणि ब्यूक-ओल्ड्स-पॉन्टिअॅकची वेगळी. दुसऱ्या प्रकारात घंटेच्या माथ्यावर मधोमध इंग्रजी व्हीसारखी खाच दिसते. जुन्या सामानाच्या बाजारात स्वस्त मिळालेला गिअरबॉक्स घरी आणून मग ही खाच पाहणारे मी दोघं तरी पाहिले आहेत.

कन्व्हर्टर नेमकं काय करतो

दुकानदाराला पैसे देण्याआधी एवढं डोक्यात बसवा, नाहीतर पुढचे आकडे पोकळ वाटतील.

कन्व्हर्टर म्हणजे तेलाने भरलेलं, वेल्ड करून बंद केलेलं मडकं. पाणचक्कीत पाणी पात्यांवर आपटतं आणि जातं फिरतं. इथे ते पाणी फेकणारंही एक चाक आहे. इंजिनाशी जोडलेला इंपेलर तेल फेकतो, समोरची टर्बाइन ते झेलून गिअरबॉक्स फिरवते. दोघांना जोडणारा दांडा मध्ये नाही, म्हणून सिग्नलला गाडी गिअरमध्ये उभी असताना इंजिन बंद पडत नाही. टर्बाइनमधून परतणारं तेल उलट्या दिशेने येतं आणि इंपेलरला अडवलं असतं. ते वळवून पुन्हा कामाला लावतो मधला स्टेटर. त्याच्यामुळे उभ्या गाडीतून निघताना टॉर्क जवळजवळ दुप्पट होतो. गाडी वेग धरते तेव्हा स्टेटरमधला एकदिशा क्लच सुटतो आणि तो प्रवाहाबरोबर फिरू लागतो.

हा एकदिशा क्लच जुन्या कन्व्हर्टरचं दुखणं सांगतो. तो दोन्ही दिशांना सैल झाला तर गाडी निघताना मेल्यासारखी वागते, पुढे मात्र ठीक. तो जाम झाला तर निघते झकास, पण हायवेवर धापा टाकते आणि तेल तापतं. पुष्कळदा लोक या लक्षणांवरून गिअरबॉक्स खोलतात.

तिसरी पायरी : स्टॉलचा आकडा समजून घ्या

ब्रेक घट्ट दाबून, ड्राइव्हमध्ये, ॲक्सिलरेटर पूर्ण दिल्यावर इंजिन जिथपर्यंत चढून अडतं ते आरपीएम म्हणजे स्टॉल. ही चाचणी नवख्याने करू नये. पाच सेकंदांच्या वर गेली की तेल उकळतं, आणि ब्रेक सुटला तर समोर जे असेल ते जातं.

बॉक्सवर "२,५००" छापलेलं असतं ते कन्व्हर्टरचं वजन किंवा व्यास असल्यासारखं पक्कं नसतं. तोच कन्व्हर्टर जोमदार बिग ब्लॉक इंजिनामागे जास्त आरपीएमवर अडेल आणि सहा सिलिंडरमागे कमी. इंजिन जेवढं जोर लावेल तेवढा स्टॉल चढतो. म्हणून "मित्राच्या गाडीत हाच आहे" हा निकष कामाचा नाही.

ढोबळ मानाने, कारखान्यातला १२ ते १३ इंची कन्व्हर्टर साध्या व्ही८मागे १,२०० ते १,८००च्या दरम्यान अडतो. ११ इंची २,००० ते २,४००, १० इंची २,५०० ते ३,५००. ८-९ इंची शर्यतीचे. रस्त्यावरच्या गाडीत त्यांचं काही काम नाही.

चौथी पायरी : कागद-पेन्सिल घ्या

माझी दुसरी चूक इथली. गिअरबॉक्स ३५० आहे हे कळल्यावर मी कुठूनतरी ३,००० स्टॉलचा कन्व्हर्टर स्वस्तात आणला. तो बसला छान. ३५० आणि ४००चे साधे कन्व्हर्टर एकमेकांत बसतात, म्हणून बाजारात ते एकत्रच विकले जातात. पण बसणं वेगळं आणि जुळणं वेगळं. उन्हाळ्यात हायवेवर तासभर चालवल्यावर डिपस्टिकवरच्या तेलाला करपल्याचा वास यायला लागला.

हिशेब असा करायचा होता. ताशी मैल गुणिले क्राऊन-पिनियनचं (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरांचं) प्रमाण गुणिले ३३६, भागिले टायरचा इंचातला व्यास. तिसऱ्या गिअरचं प्रमाण १ असल्याने ते वेगळं धरायचं नाही. माझ्या गाडीत ३.०८ आणि टायर २६ इंची. ताशी ६० मैलांना :

६० × ३.०८ × ३३६ ÷ २६ = सुमारे २,३८८ आरपीएम.

म्हणजे मी ज्या आरपीएमवर दिवसभर चालत होतो ते कन्व्हर्टरच्या स्टॉलच्या बरंच खाली होतं. इंपेलर टर्बाइनला धड पकडत नव्हता. घसरत होता, आणि घसरण्यातली सगळी ताकद उष्णता होऊन तेलात उतरत होती. हेच ३.७३च्या क्राऊन-पिनियनवर सुमारे २,८९२ झालं असतं. ७००आर४च्या ०.७०च्या ओव्हरड्राइव्हमध्ये ३.०८वर जेमतेम १,६७२.

माझा नियम : हायवेवरच्या नेहमीच्या आरपीएमपेक्षा स्टॉल किमान पाचशेने खाली. शर्यतवाले हसतील, पण त्यांच्या गाड्या ट्रेलरवरून घरी जातात. माझ्या नोव्हात आता सुमारे १,८००चा आहे आणि शिवाय रेडिएटरसमोर वेगळा ऑइल कूलर. तेल ८० अंश सेल्सिअसच्या आसपास राहिलं की गिअरबॉक्स सुखी.

मग जास्त स्टॉल लागतो कुणाला? ज्यांनी मोठा कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा दांडा, बसवला आहे त्यांना. असं इंजिन खाली अडखळतं, व्हॅक्यूम कमी देतं, आणि घट्ट कन्व्हर्टर असेल तर ड्राइव्हमध्ये टाकताच बंद पडतं. त्यांनी क्राऊन-पिनियनचं प्रमाणही वाढवायला हवं, नाहीतर मी केलं तेच होईल. कॅम कारखान्यातलाच असेल तर कन्व्हर्टरही कारखान्यासारखाच घ्या. नवख्याला हे बेचव वाटतं, पण मोटारीला मानवतं.

चांगला विक्रेता फोनवर गाडीचं वजन, इंजिन, कॅमची ड्युरेशन (तो व्हॉल्व्ह किती काळ उघडे ठेवतो ते), क्राऊन-पिनियन, टायर आणि वापर हे सगळं विचारतो. न विचारता आकडा सांगणाऱ्याकडून घेऊ नका.

पाचवी पायरी : बसेल का, ते मोजा

इथे अंदाज चालत नाही. इनपुट शाफ्टवरचे दाते, म्हणजे स्प्लाइन, स्वतः मोजा. ७००आर४मध्ये सुरुवातीच्या वर्षांत २७ होते, १९८५च्या सुमारास ३० झाले. सी४मध्ये आधी २४, सत्तरच्या दशकात २६. उशिराच्या ७२७ला २४ आणि ९०४ला २७. दोघांच्याही साठच्या दशकातल्या आधीच्या आवृत्त्यांचे आकडे निराळे. एका दात्यावर खडूची खूण करा आणि तिथून मोजत पुन्हा खुणेवर या. मी दरवेळी दोनदा मोजतो.

त्यानंतर बोल्टांचं वर्तुळ. जनरल मोटर्सच्या कन्व्हर्टरवर ते १०.७५ किंवा ११.५ इंचांचं असतं. फ्लेक्सप्लेट, म्हणजे इंजिनामागची कन्व्हर्टर धरणारी दातेरी तबकडी, १५३ दात्यांची असेल वा १६८ची, स्टार्टर तिच्याशी जुळणारा हवा. पुष्कळ फ्लेक्सप्लेटना दोन्ही वर्तुळांची भोकं असतात, सगळ्यांना नाही.

बॅलन्सकडे लोक काणाडोळा करतात, मग गाडी थरथरते आणि दोष इंजिन माउंटवर जातो. क्रायस्लरच्या ३६० इंजिनात बॅलन्सचं वजन कन्व्हर्टरवरच वेल्ड केलेलं असतं. ३१८चा कन्व्हर्टर तसाच उचलून लावला की घात. शेवरोलेच्या ४०० स्मॉल ब्लॉक आणि ४५४ या इंजिनांत हे वजन फ्लेक्सप्लेटवर असतं. फोर्डच्या ३०२ इंजिनाचं बॅलन्स ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला २८ औंसांवरून ५० औंसांवर गेलं, म्हणजे जुन्या इंजिनाला नवी फ्लेक्सप्लेट चालत नाही.

ओव्हरड्राइव्हवाल्यांसाठी एक जास्तीचं. ७००आर४मध्ये लॉकअप कन्व्हर्टर असतो, म्हणजे वेग धरल्यावर आतून जखडला जाऊन घसरणं थांबवणारा. त्याची वायर जोडल्याशिवाय गाडी चालवली तर ओव्हरड्राइव्हमध्ये तो कायम घसरत राहतो. आणि त्याची टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल ही किकडाउनची केबल समजू नका. आतला तेलाचा दाब तिच्यावर ठरतो. चुकीची लावून नुसती गल्लीत चक्कर मारली तरी नवे क्लच जळू शकतात.

सहावी पायरी : बसवणं

नवा कन्व्हर्टर उभा धरून त्यात साधारण लिटरभर तेल ओता, कारण कोरडा पंप पहिल्या मिनिटातच झिजतो. तेल कोणतं, ते गिअरबॉक्स सांगेल : जनरल मोटर्स आणि क्रायस्लरला डेक्सरॉन, १९७७पूर्वीच्या फोर्डला टाइप एफ.

गिअरबॉक्स खाली असतानाच कन्व्हर्टर त्याच्या नाकावर सरकवा आणि हळूहळू फिरवत आत दाबा. तीन वेळा आत घसरल्याचं हाताला कळायला हवं : टर्बाइनचे दाते, स्टेटरच्या आधाराचे दाते आणि शेवटी पंपाच्या खाचा. दोनवरच थांबून गिअरबॉक्स इंजिनाला लावला आणि घंटेचे बोल्ट पान्याने ओढून घेतले, तर पंप फुटतो. दुरुस्त करायला सगळं पुन्हा खाली. घंटेचे बोल्ट हाताने शेवटपर्यंत जात नसतील तर तिथेच थांबा. पान्याचं काम त्यानंतर.

घंटा इंजिनाला भिडल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटकडे ओढल्यावर अंदाजे ३ ते ५ मिलिमीटर पुढे आला पाहिजे. अंतर जास्त असेल तर वॉशर लावून भरतात. अंतरच नसेल तर कन्व्हर्टर पुरता बसलेला नाही. क्रायस्लरच्या फ्लेक्सप्लेटचं एक भोक किंचित सरकवलेलं असतं, त्यामुळे कन्व्हर्टर एकाच स्थितीत लागतो. जोर लावण्याऐवजी फिरवून बघा.

जुना गिअरबॉक्स आतून चुरलेला असेल तर कूलरच्या नळ्या धुऊन घ्या. तिथे अडकलेला धातूचा चुरा नव्या कन्व्हर्टरमध्ये पोहोचायला पाच मिनिटं लागत नाहीत.

इंजिन सुरू करा, पाय ब्रेकवर ठेवून प्रत्येक गिअरमध्ये क्षणभर थांबत शिफ्टर फिरवा. तेलाची पातळी इंजिन चालू ठेवून, गरम झाल्यावर पाहायची. जनरल मोटर्स आणि फोर्डमध्ये शिफ्टर पी वर, टॉर्कफ्लाइटमध्ये एन वर, कारण जुन्या टॉर्कफ्लाइटमध्ये पी वर असताना कन्व्हर्टर भरत नाही. महिनाभर उभी असलेली क्रायस्लरची प्लिमथ सकाळी गिअर घेत नाही, तेव्हाही आधी एन वर एक मिनिट चालू द्या. गिअरबॉक्स बिघडल्याच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

पहिले वीस मैल गावातच काढा. घरी येऊन पुठ्ठा अंथरून गाडी रात्रभर उभी करा आणि सकाळी पुठ्ठ्यावरचा डाग कुठे आहे ते बघा. पॅनखाली असेल तर गॅस्केट. घंटेच्या खालच्या फटीतून आला असेल तर पुढचा सील, आणि मग मात्र गिअरबॉक्स पुन्हा खाली घ्यावा लागेल.